मोठं टेबल, रविवारची सकाळ आणि बेचाळीस मिनिटं

पुण्यातलं उडुपी पद्धतीचं हॉटेल. चौघांची बारा टेबलं, भिंतीला लागून दोघांची चार, आणि खिडकीशी सहा जणांची दोन मोठी टेबलं. एकूण ६८ खुर्च्या. रविवारी साडेआठ ते साडेअकरा दाराशी वेटिंग असतंच. हॉटेलातली बहुतेक भांडणं याच तीन तासांत होतात, आणि त्यातलं सगळ्यात नेहमीचं भांडण म्हणजे खाणं आटोपलेली मंडळी टेबलावरून उठत नाहीत. पुढचं प्रकरण त्याचंच आहे. हे हॉटेल अमुक एक असं नाही. दर रविवारी कुठे ना कुठे घडणारी गोष्ट नीट तपासता यावी म्हणून ती एका सकाळीत मांडली आहे. मिनिटं आणि रुपये या मापाच्या हॉटेलात पडतात तसे धरले आहेत.

काय घडलं

सकाळी ८.२० ला सहा जण आले. सगळे साठीच्या पुढचे, टेकडी उतरून थेट नाश्त्याला येणारे, दर रविवारचे. खिडकीजवळचं पहिलं मोठं टेबल मोकळं होतं, ते त्यांना मिळालं. ८.२७ ला ऑर्डर गेली. इडली-वडा तयारच असतो, तो पाच मिनिटांत आला; डोसे तव्यावरून यायला पावणेनऊ झाले. नऊ वाजता सगळ्यांच्या प्लेटा रिकाम्या. ९.०८ ला कॉफी, ९.२० ला कप रिकामे, आणि ‘मी देतो, तू राहू दे’ करत ९.२५ ला बिल चुकतं झालं. इथवर ६५ मिनिटं झाली. सहा जणांच्या निवांत नाश्त्याला एवढी वेळ लागतेच, त्यात कुणाचंही काही चुकलं नाही. त्यानंतर मात्र ते १०.०७ पर्यंत बसून राहिले. मधे एकदा पाणी मागवलं, बाकी काही नाही. ही ती बेचाळीस मिनिटं.

दुसऱ्या मोठ्या टेबलावर ८.४३ पासून एक कुटुंब खात होतं. ८.५५ ला कॉलेजातली सहा मुलं-मुली येऊन वहीत नाव लिहून बाहेर थांबली. ९.०५ ला आणखी एक सहा जणांचं कुटुंब आलं: नवरा-बायको, दोन मुलं (धाकटं चार वर्षांचं), नवऱ्याची बहीण आणि गुडघ्याचा त्रास असलेली आई. वही सांभाळणारा मुलगा आत डोकावला, काकांच्या प्लेटा उचललेल्या दिसल्या, आणि त्याने कुटुंबाला सांगितलं, ‘दहा मिनिटं थांबा, ते काका उठतीलच आता.’

९.३० ला त्याने या कुटुंबाला चौघांचं एक टेबल आणि मधली वाट सोडून पलीकडे दोघांचं एक, असं देऊ केलं. सगळ्यांना एकत्र बसायचं होतं, त्यांनी नको म्हटलं. ९.४५ ला दुसरं मोठं टेबल उठलं, पुसून-बिसून ९.४८ ला तिथे कॉलेजची मंडळी बसली, कारण त्यांचं नाव आधी होतं. हे पाहून कुटुंबप्रमुखाचा धीर सुटला. ९.५० ला तो आत आला आणि काकांपैकी एकाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. दोन-तीन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘झालं असेल तर उठा ना काका, आई पाऊण तास उभी आहे.’ काकांचं उत्तर, ‘आम्ही फुकट नाही बसलो, पैसे दिलेत.’ तेवढ्यात टेबल पुसणाऱ्या पोऱ्याने ओलं फडकं घेऊन त्यांच्या कोपरांच्या आजूबाजूने टेबल पुसायला घेतलं. वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन म्हणाला, ‘काका, प्लीज, वेटिंग आहे.’ आणि गल्ल्यावरून मालक ओरडले, ‘बसा हो काका, काही घाई नाही!’

त्यानंतर दोन्हीकडून आवाज चढले. काका उठले ते पुन्हा पाऊल न ठेवण्याचं सांगून. कुटुंब १०.१० ला बसलं ते तोंड पाडून. वेटरला दोन्ही टेबलांकडून टिप मिळाली नाही.

हिशेब कुणाचा किती

अशा वेळी जो तो म्हणतो की काका तासभर अडून बसले म्हणून कुटुंबाला तासभर थांबावं लागलं. मिनिटं मांडली की वेगळंच दिसतं.

समजा काका बिल देताच ९.२५ ला उठले असते. टेबल पुसून मांडायला तीन मिनिटं, म्हणजे ९.२८ ला ते टेबल कॉलेजच्या मंडळींना गेलं असतं. कुटुंबाला दुसरं मोठं टेबल मिळालं असतं ९.४८ ला. म्हणजे सगळे अगदी शहाण्यासारखे वागले असते तरी कुटुंबाला ४३ मिनिटं थांबायचंच होतं. प्रत्यक्षात ते ६५ मिनिटं थांबले. काकांच्या बसण्याचा वाटा २२ मिनिटांचा. पण कुटुंबाच्या डोक्यात घड्याळ लागलं होतं ते ‘दहा मिनिटां’चं. दहाची त्रेचाळीस झाली यात काकांचा काडीचा संबंध नाही. ती ३३ मिनिटं वहीवाल्या मुलाच्या एका वाक्यातून आली. राग मात्र पंचावन्न मिनिटांचा साठला आणि सगळाच्या सगळा काकांच्या खुर्चीवर जाऊन उतरला.

शिवाय ९.३० चं चार अधिक दोनचं टेबल घेतलं असतं तर कुटुंब २५ मिनिटांतच बसलं असतं. आजींना बसायला मिळावं हा मुद्दा होता, तर त्या तेव्हाच बसल्या असत्या. एकत्र बसण्याची इच्छा रास्त आहे. फक्त ती निवडली की पुढची चाळीस मिनिटंही आपणच निवडली, एवढं मनाशी मान्य हवं.

आता टेबलाचं माप. चौघांचं टेबल रविवारी साधारण ४२ मिनिटांत फिरतं. बारा टेबलं असली की दर साडेतीन मिनिटांना एक मोकळं होतं. त्यातलं एक अडकून पडलं तर उरलेल्या अकरांवर दर ३.८ मिनिटांना एक. रांगेत आठवा असलेला माणूस २८ मिनिटांऐवजी साधारण साडेतीस मिनिटांनी बसतो. अडीच मिनिटांचा फरक, कुणाच्या लक्षातही येत नाही. मोठ्या टेबलांचं तसं नाही. ती दोनच. प्रत्येकी ६५ मिनिटं धरली तर सरासरी ३२ मिनिटांना एक उठतं. त्यातलं एक अडलं की पुढचं टेबल मिळायला थेट ६५ मिनिटं. म्हणून सहा जणांच्या टेबलावर रेंगाळणं आणि चौघांच्या टेबलावर रेंगाळणं ही सारखी गोष्ट धरता येत नाही. दोघांच्या टेबलावर एखादी व्यक्ती पुस्तक वाचत अर्धा तास जास्त बसली तर तिच्याकडे सगळे डोळे वटारून बघतात, आणि मोठ्या टेबलावरचा गप्पांचा फड मात्र आदराने खपवून घेतला जातो. हिशेब याच्या बरोबर उलटा आहे.

पैशांचंही पाहू. माणशी १९० रुपये धरले तर सहा जणांचं बिल ११४० रुपये. बेचाळीस मिनिटं म्हणजे एका फेरीचा दोन तृतीयांश भाग, साधारण साडेसातशे रुपयांचा धंदा. वेटरकडे चार-पाच टेबलं असतात. मोठं टेबल थांबलं की त्याची त्या वेळची टिपही थांबते.

बसलेल्यांचं कुठे चुकलं

‘पैसे दिलेत’ हे उत्तर खोटं नव्हतं, पण ते पैसे खाण्याचे होते. खाण्याच्या किमतीत खाण्यापुरती खुर्ची येते. त्यापुढची खुर्ची कधी आपली असते आणि कधी नसते, हे हॉटेल कुठलं आणि वेळ कुठली यावर ठरतं. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत एका चहावर वर्तमानपत्र वाचत बसता येई, आणि कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस तर बसण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे लोक बसायलाच येतात हे चालवणाऱ्यालाही ठाऊक असतं. उलट टोक पाहायचं तर बंगळूरमध्ये १९८०च्या दशकात रुजलेल्या दर्शिनी: खुर्च्याच नाहीत, उंच टेबलाशी उभ्याने खायचं आणि निघायचं. माटुंग्यात रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेल्या बोर्डिंगात आधी कूपन घ्यायचं, मग नंबर लागेल तसं पानावर बसायचं. ही हॉटेलं आपला नियम मांडणीतूनच सांगतात. पुण्यातलं रविवारचं नाश्त्याचं हॉटेल दुपारी तीनला इराण्यासारखं असतं आणि सकाळी साडेनऊला बोर्डिंगसारखं. खुर्च्या त्याच, टेबलं तीच, मालक तोच, म्हणून गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला हा फरक सगळ्यात आधी कळायला हवा. दर रविवारी येणाऱ्याला आवडतं टेबल मागता येतं, कॉफी कडक हवी की बेताची हे सांगावं लागत नाही, एखाद वेळी पाकीट विसरलं तर ‘पुढच्या रविवारी द्या’ असंही चालतं. हे सगळं त्याने कमावलेलं आहे. पण बाहेर आजी उभ्या असताना बसून राहण्याचा हक्क त्यात येत नाही.

वेळ मोजायची ती शेवटचा कप रिकामा झाल्यापासून, आल्यापासून नव्हे. सावकाश खाणं म्हणजे रेंगाळणं नव्हे. सहा जणांत एक जण हळू खात असेल तर बाकी पाच जणांनी बसून राहणं हा तर पंगतीचा जुना रिवाज: शेवटच्या माणसाचं आटपेपर्यंत कुणी उठत नाही, हात वाळला तरी. पण पंगतीत सगळे एकदम उठतात आणि दुसरी पंगत बसते, हेही त्याच रिवाजात आलं. शेवटचा कप रिकामा झाल्यावर दहा मिनिटं गप्पांना हरकत नाही. बिल, सुटे पैसे, चष्मा-किल्ल्या शोधणं यातच ती जातात. दहा मिनिटांनंतर एकाने मान वळवून दाराकडे बघायचं. तिथे आपल्याएवढा घोळका उभा दिसला तर उठायचं. कुणी सांगायची वाट बघायची नाही, कारण सांगणाऱ्याला ते फार जड जातं. दारात कुणी नसेल, किंवा दोघं-तिघंच उभे असून चौघांची टेबलं भराभर उठत असतील, तर खुशाल बसावं.

‘आणखी एक राउंड कॉफी सांगू, म्हणजे बसता येईल’ हा उपाय बरेच जण मनापासून करतात. गर्दी नसलेल्या वेळी तो योग्यच आहे. वेटिंग असताना तो पुरत नाही. सहा कॉफी म्हणजे २४० रुपये, आणि त्या येऊन पिऊन होईपर्यंत पंचवीस मिनिटं; त्या वेळात टेबलाचं मोल साडेचारशेच्या आसपास. पण रुपये बाजूला ठेवले तरी बाहेर उभ्या असलेल्या आजींना या कॉफीचा काय उपयोग? ज्याची गैरसोय होते त्याला ते पैसे मिळत नाहीत. गप्पा रंगल्या असतील तर कॉफी बाहेरच्या कट्ट्यावर घ्यावी. पुण्यात कट्ट्यांना तोटा नाही.

बसलोच जास्त वेळ, तर वेटरला टिप त्या मानाने द्यावी, आणि ती त्याच्या हातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांनी बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये असं सांगितलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, पण वेटरच्या अडकलेल्या अर्ध्या तासाची भरपाई आता आपल्याच मर्जीवर आहे.

उभे असलेल्यांचं कुठे चुकलं

खुर्चीमागे उभं राहणं ही सवय लग्नाच्या हॉलमधून आली आहे. बुफेत किंवा टेबल-पंगतीत लोक जेवणाऱ्याच्या मागे खुर्ची धरून उभे राहतात, आणि तिथेही जेवणाऱ्याचा घास अडकतोच. हॉटेलात तर त्याला काही अर्थच नाही, कारण खुर्ची कुणाला मिळणार हे मागे उभा असलेला ठरवत नाही, वही ठरवते. या प्रकरणात खुर्चीच्या पाठीवर हात पडला त्या क्षणी काकांच्या दृष्टीने प्रश्न वेळेचा राहिला नाही, मानाचा झाला. त्याआधी नुसतं सांगितलं असतं तर ते पाच मिनिटांत उठण्याची शक्यता मोठी होती. हात पडल्यावर उठणं म्हणजे हार.

थांबलेल्याने बोलायचं ते वहीवाल्याशी किंवा कॅप्टनशी. बसलेल्यांना रांग ठाऊक नसते, तुमचा नंबर कितवा ते ठाऊक नसतं, आणि दोन गिऱ्हाइकं एकमेकांशी भांडली की हॉटेलवाला अलगद मोकळा होतो. वहीवाल्याला विचारायचं तेही नेमकं: ‘सहा जणांची टेबलं किती आहेत? आमच्याआधी सहा जणांचे किती?’ या दोन प्रश्नांची उत्तरं ९.०५ ला मिळाली असती, ‘दोन’ आणि ‘एक’, तर कुटुंबाला तिथेच कळलं असतं की पाऊण तासाची निश्चिती आहे. मग त्यांनी शेजारचं हॉटेल बघितलं असतं, किंवा चार अधिक दोन घेतलं असतं, किंवा आजींना गाडीत बसवलं असतं. तिन्ही पर्याय भांडणापेक्षा बरे.

बसलेल्यांना विचारण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर समोरून जाऊन, दोन हात लांब उभं राहून, एकदाच: ‘काका, तुम्हाला अजून किती वेळ आहे? असेल तर आम्ही दुसरीकडे बघतो.’ यात उठायचा हुकूम नाही, माहिती मागितली आहे. उत्तर काहीही आलं तरी ‘बरं’ म्हणून मागे फिरायचं. असं विचारलं तर बहुतेक वेळा ‘झालंच आमचं’ असं उत्तर येतं. लहान मुलांना टेबलाजवळ पाठवून ‘बघ रे झालं का’ करणं मात्र अगदी टाळावं. मूल निमूटपणे टेबलाच्या कडेला उभं राहतं आणि खाणाऱ्याला आपण चोरी करतोय असं वाटायला लागतं.

हॉटेलचं कुठे चुकलं

सगळ्यात जास्त इथेच. वहीवाल्या मुलाने कुटुंबाला वेळ कबूल केली, पण ती पाळायची होती काकांनी, आणि काकांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना ८.२० ला कुणी सांगितलं नाही की मोठं टेबल किती वेळ मिळेल. ९.०८ ला कॉफी ठेवताना सांगितलं नाही. ९.२५ ला बिल घेताना सांगितलं नाही. पहिल्यांदा सांगितलं ते ९.५३ ला, आणि तेही एका परक्या माणसाने.

त्यानंतर हॉटेलने जे केलं ते सगळं इशाऱ्यांनी केलं. ओलं फडकं फिरवणं, पाण्याचे पेले उचलणं, डोक्यावरचा पंखा बंद करणं, पाच मिनिटांत तीनदा ‘अजून काही?’ विचारणं, न मागता बिल आणि बडीशेप आदळणं: हे प्रकार जवळपास सगळीकडे चालतात आणि सगळीकडे वाईट लागतात. इशारा समजला तर माणूस दुखावतो, न समजला तर उठत नाही. दोन्हीकडून तोटा. सरळ बोललेलं वाक्य ऐकायला पहिल्यांदा थोडं कडू लागतं, पण त्यात माणसाला ‘हो’ म्हणायची जागा असते.

आणि मालकांचं ‘बसा हो काका’. जुनं गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून ते बोलले, हे उघड आहे. पण कॅप्टनने एक सांगायचं आणि गल्ल्यावरून त्याच्या उलट, यात कॅप्टन खोटा पडला, कुटुंब चिडलं, आणि काकांनाही वाटलं की मालकाची हरकत नसताना नोकर आपल्याला उठवतायत. गर्दीच्या तीन तासांत टेबलांबद्दल एकानेच बोलावं. तो कॅप्टन असेल तर मालकांनी गल्ला सांभाळावा.

कुणाला उठवलं जातं हेही पाहायला हवं. एकटी बाई, दोन विद्यार्थी, कामाच्या कपड्यातला माणूस यांना ‘वेटिंग आहे’ हे सहज ऐकवलं जातं; इस्त्रीच्या शर्टातल्या सहा काकांना ते कुणी ऐकवत नाही. हॉटेलात प्रवेशाच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करता येणार नाही, असं राज्यघटनेचं अनुच्छेद १५(२) सांगतं. वेळेचा नियम लावायचा तर तो टेबलाला लावावा, माणूस बघून नव्हे.

काय, कधी आणि कसं बोलायचं

बसवतानाच बोलण्याचा फायदा असा की तेव्हा कुणाचाच मान अडकलेला नसतो. ८.२० ला कॅप्टनने एवढंच म्हणायचं: ‘काका, आज रविवार, मोठं टेबल साडेनऊपर्यंत तुमचं. नंतर वेटिंग असलं तर सांगतो.’ काका हो म्हणतात, कारण सत्तर मिनिटं त्यांना भरपूर वाटतात. ती खरोखरच भरपूर आहेतही. नाही म्हणाले तर चौघांचं आणि दोघांचं देता येतं. ऑर्डर जाण्याआधी बोलणं झालेलं असतं, म्हणून नंतरचं वाक्य नुसती आठवण ठरते.

दुसरी वेळ कॉफी ठेवतानाची. प्लेटा उचलताना नको. एकाची प्लेट रिकामी झाली की लगेच उचलली तर अजून खाणारा अवघडतो. सगळ्यांचं झालं की एकदम उचलायच्या. कॉफीसोबत: ‘काका, बाहेर सहा जणांचे दोन ग्रुप थांबलेत. कॉफी निवांत घ्या, बिल आणून ठेवतो.’

तिसरी वेळ बिल दिल्यावर दहा मिनिटांनी, म्हणजे ९.३५ ला, आणि ती शेवटची. ‘काका, बाहेर एक आजी उभ्या आहेत, सहा जण आहेत. पाच मिनिटांत टेबल मोकळं कराल का? गप्पा चालू असतील तर बाहेर खुर्च्या टाकून देतो.’ यात कारण आहे, वेळ आहे आणि जायला जागा आहे. ‘घाई नाही, पण...’ अशी सुरुवात करू नये. घाई आहे म्हणूनच आपण आलोय हे समोरच्याला दिसतं, आणि त्या गोडव्यामुळे पुढचं सगळं वाक्य पोकळ होतं. हे सांगायला कॅप्टनने स्वतः जावं, पोऱ्याला पाठवू नये. वाकून, एकालाच, हळू आवाजात सांगावं. सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं तर मुळीच नाही.

तीनदा सांगूनही कुणी उठलं नाही तर? त्या दिवशी सोडून द्यायचं. थांबलेल्यांना जाऊन खरं सांगायचं, ‘ते टेबल आज लवकर मिळणार नाही, चार-दोन देतो, कॉफी आमच्याकडून.’ पुढच्या रविवारी ती मंडळी आली की मोठं टेबल द्यायच्या आधी पुन्हा तेच बोलणं करायचं. भर हॉटेलात जबरदस्तीने उठवलेला माणूस आणि त्याची पाच माणसं परत येत नाहीत, आणि उरलेल्या ६२ खुर्च्यांवरचे लोक ते बघत असतात.

काही जणांना यातलं काहीच लागू करायचं नाही. सावकाश खाणारे वृद्ध, बाळाला भरवणारी आई, ज्याला उठता-बसताना वेळ लागतो तो माणूस, मधेच बरं वाटेनासं झालेलं कुणी. मुसळधार पाऊस कोसळत असेल तर खाऊन झालेल्यांनी टेबल सोडून आतल्या बाजूला उभं राहावं आणि हॉटेलने त्यांना तिथे पाऊस उघडेपर्यंत राहू द्यावं.

वही, बाक आणि मांडणी

वहीत नावांची एकच यादी असली की वहीवाल्याला अंदाज बांधता येत नाही. दोघांसाठी, चौघांसाठी आणि पाच-सहा जणांसाठी असे तीन रकाने आखावेत, आणि नावापुढे आल्याची वेळ लिहावी. मोठ्या टेबलांच्या रकान्यात टेबल कधी बसलं ते लिहून त्यात ६५ मिनिटं मिळवली की पुढच्याला काय सांगायचं ते कळतं. त्यात पाच मिनिटं आणखी टाकूनच सांगावं. ‘पन्नास मिनिटं’ सांगून ४३ ला बसवलं तर माणूस खूश होतो. ‘दहा’ सांगून बाराला बसवलं तरी तो घड्याळ दाखवतो. पन्नास ऐकून कुणी निघून गेलं तर जाऊ द्यावं, ते पुढच्या वेळी लवकर येतील.

चौघांची दोन टेबलं जोडता येतील अशी मांडणी असली तर मोठ्या टेबलांची अडचण बरीच सुटते. त्यासाठी टेबलांची उंची सारखी हवी आणि पाय जमिनीला ठोकलेले नकोत. ग्रॅनाइटचा जड माथा आणि लोखंडी पाय असलेली टेबलं दोघांना मिळून सरकवावी लागतात, गर्दीत ते जमत नाही. म्हणून साडेआठ वाजायच्या आतच एक जोडी जोडून ठेवावी. दोनाची तीन मोठी टेबलं झाली की एक अडलं तरी पुढचं ६५ ऐवजी ३२ मिनिटांनी मिळतं. चौघांच्या टेबलाला पाचवी खुर्ची वाटेच्या बाजूने लावणं टाळावं, सांबाराची बादली घेऊन जाणाऱ्या वेटरचा धक्का तिथेच लागतो.

दाराशी पंधरा माणसं आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, ही अनेक हॉटेलांची स्थिती असते. सहा-सात माणसं बसतील एवढा एक लांब बाक, सावलीला, आणि पाण्याचा जग. या प्रकरणात आजी बसलेल्या असत्या तर मुलगा आत आला असता का, याचा विचार हॉटेलवाल्याने जरूर करावा. तोच बाक गप्पा न संपलेल्या काकांच्या कॉफीलाही उपयोगी पडतो, आणि तिथे कॉफी दिल्यावर पाच रुपये कमी घेतले तर लोक आपण होऊन उठून बाहेर जातात.

काकांकडे परत जायचं तर मालकांनी त्याच आठवड्यात फोन करावा. चूक कुणाची हे काढू नये. ‘रविवारी साडेसातला या, सव्वानऊपर्यंत मोठं टेबल तुमच्या नावाने ठेवतो’ एवढं पुरे. साडेसात ते साडेआठ टेबलं रिकामीच असतात, म्हणजे हॉटेलचं काही जात नाही आणि काकांना पावणेदोन तास मिळतात. टेकडी पन्नास मिनिटं आधी चढावी लागेल, त्याला बहुतेक जण तयार होतात.

दिवाळी पहाटेच्या दिवशी मात्र यातलं काही पुरत नाही. गाण्याचे कार्यक्रम एकाच वेळी सुटतात, आणि जो तो आठ-दहा जणांच्या घोळक्याने येतो. त्या सकाळी टेबलावर ऑर्डर घेणं बंद ठेवून दारातच कूपन द्यावं, पदार्थ चार-पाचच ठेवावेत, कॉफीची सोय बाहेर करावी, आणि वहीतली शेवटची नावं साडेदहाला बंद करावीत, म्हणजे साडेअकराला कुणालाही तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.